झाकली मूठ

(सुवर्णमहोत्सवी सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेत संस्थेचा गौरव करावा ही रीत आहे. आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो यथायोग्य केला आहे आणि त्यात आम्ही मनापासून सहभागी आहो. आम्हांस चिटणीसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकविणारे मास्तर आहो. तेव्हा औषधपाण्याच्या वाटेस न जाता आपणां सर्वांपाशी असलेल्या एका वस्तूविषयी बोलतो. ती वस्तू म्हणजे आपली मूठ.

'झाकली मूठ सव्वालाखाची' असे आपण म्हणतो. घरातले उणे चारचौघांत दिसू नये, हा त्यातला शहाणपणा. परंतु वार्धक्याच्या बाबतीत हीच म्हण आपला घात करते. लोणच्याच्या बरणीचे झाकण आजीला फिरवेनासे झाले, तरी ती कोणास सांगत नाही. मुकाट्याने बरणी नातवापुढे सरकविते. आजोबा भाजीची पिशवी या हातातून त्या हातात करीत कसेबसे घरी येतात आणि पुढच्या आठवड्यापासून बाजाराला जाण्याचेच टाळतात. पूजेच्या पाटावरून उठताना किंवा नमाजात सजद्यातून उठताना आधार लागतो. 'वय झाले' या दोन शब्दांत सगळे प्रकरण मिटते. आमचे म्हणणे एवढेच की, हा निरोप शरीर आपणांस वेळ असताना पाठवीत असते. तो वाचावयास शिकले पाहिजे.

मुठीचा जोर मोजण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये रेन्ये नावाच्या कारागिराने १७९८ च्या सुमारास डायनॅमोमीटर म्हणजे शक्तिमापक यंत्र लोकांपुढे आणले. आजचे यंत्र हातात मावते. खुर्चीत ताठ बसावे, कोपर काटकोनात ठेवावे, दांडा पूर्ण जोराने दाबावा. काटा किलोग्रॅममध्ये आकडा सांगतो. दोन्ही हातांनी दोन-तीन वेळा दाबून त्यातला मोठा आकडा घ्यावयाचा. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी येणे नाही.

या आकड्याला मोल कसे आले ते पाहा. हवाई बेटांतील होनोलुलू येथे जपानी वंशाच्या सहा हजारांहून अधिक पुरुषांच्या मुठी १९६५ ते १९७० च्या दरम्यान मोजल्या गेल्या. हे सारे तेव्हा ४५ ते ६८ वर्षांचे व धडधाकट होते. सुमारे पंचवीस वर्षांनी जे हयात होते त्यांची पुन्हा तपासणी झाली. मध्यमवयात ज्यांची मूठ बळकट होती, त्यांच्यात चालणे मंदावणे किंवा खुर्चीतून उठता न येणे या अडचणी कमी आढळल्या. त्यानंतर २०१५ साली याहून मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सतरा देशांतील सुमारे १ लाख ४० हजार स्त्रीपुरुष तीत होते आणि त्या देशांत आपला भारतही होता. मुठीचा जोर पाच किलोने कमी असेल तर पुढील काही वर्षांत मृत्यूचा संभव सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असे त्यातून दिसले. मृत्यूच्या संभवाचा अंदाज रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीवरून अधिक चांगला आला.

हे कसे? उत्तर सोपे आहे. आपण मूठ आवळतो तेव्हा मुख्य काम करतात ते पंजातले नव्हे, तर कोपराखालच्या हाताचे स्नायू. ते शरीरातील इतर स्नायूंचे भाऊबंद. एका घरची शिते पाहून भाताची परीक्षा करावी, तसा हा प्रकार आहे. स्नायू म्हणजे नुसते ओझी उचलण्याचे साधन नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर तेच उचलून घेतात. म्हणून मधुमेह फार असलेल्या आपल्या समाजात त्यांची किंमत अधिक. मोठे दुखणे आले, अन्न जाईनासे झाले, म्हणजे शरीर स्नायूंतील प्रथिने काढून खर्च करते. ज्याची ही शिल्लक मोठी, तो दुखण्यातून उठतो. ज्याची पेटी आधीच रिकामी, तो साध्या तापाने अंथरुणाला खिळतो. वयोमानाने होणाऱ्या या झिजेला शास्त्रज्ञ 'सार्कोपेनिया' म्हणतात. आशियातील तज्ज्ञमंडळाने २०१९ साली ठरविलेली मर्यादा अशी : पुरुषांची मूठ २८ किलोच्या आणि स्त्रियांची १८ किलोच्या खाली असेल तर पुढील तपासणी करावी.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे जरूर आहे. आकडा कमी आला म्हणून कोणी घाबरू नये. तो खूण आहे, निकाल नव्हे. संधिवाताने किंवा मनगटातील शीर दाबली गेल्यानेही पकड ढिली पडते. त्याचा विचार डॉक्टर करतील. परंतु एकच हात अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर यंत्र शोधत बसू नये. तत्काळ इस्पितळ गाठावे. दुसरी गोष्ट अशी की, नुसता रबरी चेंडू दाबून आकडा वाढविल्याने आयुष्य वाढत नाही. तापमापक बर्फात बुडवून ताप उतरत नाही, हे आमच्या सातवीच्या मुलांनाही कळते. बळ सगळ्या देहात, विशेषतः पायांत, यावयास हवे.

आणि ते कोणत्याही वयात येते. १९९० साली अमेरिकेत बॉस्टन येथील वृद्धाश्रमातील दहा रहिवाशांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. आठ आठवडे देखरेखीखाली त्यांच्या पायांना वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरी अडीच पटींहून अधिक झाली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीत हे घडते, तर साठीत कां घडू नये?

आपल्या बडोद्याला तर हे परक्यांनी सांगावयास नको. उस्ताद जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांची तालीम याच शहरातली. गुरु-शिष्यांची ही नावे येथे आजही एका दमात घेतली जातात. व्यायामाचा मराठी ज्ञानकोश खंडाखंडांनी निघाला तोही याच शहरातून. आपल्या कित्येक घरांतील आजोबा-पणजोबांनी त्या मातीत अंग घुसळले असेल. ती माती तरुणांपुरतीच होती, एवढी एक समजूत मात्र आता सोडली पाहिजे.

आता घरांतल्या मंडळींना थोडे स्पष्ट बोलतो. आपण आईवडिलांवर माया करतो म्हणजे काय करतो? 'आई, तू बस, मी करते.' 'बाबा, पिशवी इकडे द्या.' हेतू उत्तम. पण त्या मायेने एकेक काम हातातून जाते आणि कामाबरोबर बळही जाते. कणीक मळणे, फडके पिळणे, झाडांना पाणी घालणे, अर्धी पिशवी आणणे, ही कामे झेपतील तितकी त्यांच्याकडे राहू द्यावीत. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे हा घरच्या घरी होणारा व्यायाम आहे. छातीवर हाताची घडी घालून पाच वेळा उठबस करण्यास बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर तीही धोक्याची खूण समजतात. स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारून करावा, हे वेगळे सांगणे नको.

जेवणाकडेही पाहावे. रात्री चहा आणि खारी खाऊन निजणारे वृद्ध आपल्या घरोघरी आहेत. त्यातून स्नायू कसा पोसणार? डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, ज्यांना चालते त्यांना अंडी-मासे, यांपैकी काही तरी दोन्ही वेळच्या ताटात असावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेवढे डॉक्टरांच्या सल्ल्याने.

शेवटी विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. संस्था गरजूंना आजारपणात मदत करते, हे तिचे भूषण आहे. पण ती मदत माणूस पडल्यावर पोचते. या महोत्सवाची आठवण म्हणून संस्थेने एक शक्तिमापक घ्यावे, एक वही घालावी, आणि दरसाल वार्षिक सभेच्या दिवशी पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक सभासदाचा व त्याच्या घरच्यांचा आकडा तीत मांडावा. आकडा फलकावर लावू नये. ज्याचा त्यास सांगावा. गेल्या वर्षापेक्षा तो बराच उतरला असेल तर त्या घरी एक सभासद जाऊन यावा आणि आजीला किंवा आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन जावा. यंत्र चालविण्याचे व वही लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने करू. हजेरीपट भरण्याची सवय आम्हांस आहेच.

चारचौघांत मूठ झाकलेली राहो. आपल्या माणसांपुढे मात्र ती वर्षातून एकदा तरी उघडू या.