छोट्या व्यवसायातील विजेचा जमाखर्च
(व्यापारी मेळाव्यातील भाषण)



कापडाचा तागा मोजून घेतल्याशिवाय आपण तो कपाटात लावत नाही. किराणा दुकानदार पोत्याचे वजन पाहतो, सराफ तर गुंजेचाही हिशेब ठेवतो. मात्र वीजबिल आले की आपण केवळ रक्कम पाहतो आणि ती खर्चखाती टाकून मोकळे होतो. किती युनिट वापरले व ते कशावर खर्ची पडले, याची नोंद रोजमेळात कोठेही नसते. माल न मोजता घेण्यासारखाच हा व्यवहार आहे.

वास्तविक विजेच्या नियोजनाचा वस्तुपाठ आपल्याच तालुक्यात आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर वीज निर्माण होते, हे आपण जाणतोच. त्याच्याही पलीकडे घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. मागणी कमी असताना घाटाखालील जलाशयातील पाणी पंपाने वर चढवावयाचे व मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करावयाची, अशी त्याची रचना आहे. पाणी चढविण्यास लागणारी वीज परत मिळणाऱ्या विजेहून अधिक असते. तरीही हा व्यवहार पत्करला जातो, कारण गरजेच्या वेळी मिळणाऱ्या युनिटचे मोल निराळे असते. हंगामापूर्वी माल भरून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगावयास नको.

आता दुकानाचे गणित पाहू. एलईडी दिवे बहुतेकांकडे आले. पंखे मात्र जुनेच आहेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पंख्यास सुमारे ३० वॅट पुरतात. असे दहा पंखे रोज दहा तास चालल्यास साडेसात युनिटांऐवजी तीनच युनिट लागतात. वर्षाचे २४० दिवस धरले तर १,०८० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरल्यास बचत १०,८०० रुपयांची होते. शेकडा पाच निव्वळ नफ्यावर एवढी रक्कम मिळविण्यास २,१६,००० रुपयांची विक्री करावी लागेल! पंखा तीन हजारांचा धरला, तरी भांडवल तीन वर्षांच्या आत वसूल होते.

पिठाच्या व भाताच्या गिरणीत सैल पट्टा आणि रिकामी फिरणारी मोटर वीज खाते. कपड्याच्या रंगाई-प्रक्रियेत बॉयलरकडे पाहावे. वाफेचे गरम पाणी वाया न घालविता बॉयलरमध्ये परत घेतले, तर आत जाणाऱ्या पाण्याचे तापमान दर सहा अंशांनी वाढताच सुमारे एक टक्का इंधन वाचते.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. उपकरणांवरील ताऱ्यांची पट्टी ही त्याचीच देणगी. खरेदीच्या वेळी किमतीबरोबर ती पट्टीही वाचावी.

मोठ्या मॉलशी व ऑनलाईन विक्रीशी आपली स्पर्धा आहे. तेथील भाव आपल्या हाती नाहीत. आपला खर्च आहे. म्हणून रोजमेळात एक पान विजेसाठी राखावे, दर महिन्याचे युनिट व विक्री शेजारी-शेजारी लिहावी. विक्री तेवढीच राहून युनिट वाढले, तर गळती कोठे आहे हे शोधावे. वाचलेला रुपया हा निव्वळ नफाच असतो, एवढे ध्यानी ठेवावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!