शस्त्राचा परवाना आणि मताचा अधिकार



विषय जरा विचित्र वाटेल. कळव्यासारख्या गावात, जिथे लोकांना सकाळची गाडी पकडण्याची चिंता, तिथे बंदुकीची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. म्हणून आरंभी एक लहानशी हकीकत सांगतो.

आमचे एक स्नेही लष्करातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याजवळ परवान्याची एक बंदूक आहे. निवडणूक आली की त्यांना पोलीस ठाण्यातून निरोप येतो, आणि ते बंदूक नीट पुसून, गुंडाळून ठाण्यात जमा करून येतात. गेल्या डिसेंबरात महापालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हाही त्यांनी तेच केले. परत आले ते हातात पावती घेऊन. आम्ही सहज थट्टेने म्हणालो, "काय, शस्त्रत्याग झाला वाटते?" ते म्हणाले, "बंदुकीची पावती मिळते हो, निकाल लागला की ती परतही मिळते. पण चार वर्षे आपला नगरसेवक नव्हता, त्याची पावती कोणी दिली?"

श्रोतेहो, या प्रश्नाला आम्हांला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

शस्त्र आणि मत या दोन गोष्टी आपल्या देशात एकाच मागणीची दोन अंगे म्हणून पुढे आल्या. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगण्यास परवाना हवा, गोऱ्याला मात्र सूट, असा तो न्याय होता. त्यात बोचणारी गोष्ट बंदूक नव्हती, तर त्यातला अविश्वास होता. राज्यकर्ता ज्याच्यावर विश्वास ठेवीत नाही, त्याला तो शस्त्रही देत नाही आणि मतही देत नाही. म्हणूनच १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा त्यात प्रौढ मताधिकार होता, आणि नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

पुढे स्वराज्य आले. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्राचा हा हक्क घटनेत घालावा अशी सूचना आणली आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याचा अनिर्बंध हक्क दिला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. सूचना फेटाळली गेली. मताधिकार मात्र प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मिळाला. १९५९ चा कायदा आला, पण परवाना राहिला.

यात एक मूक करार झाला, असे आम्ही मानतो. नागरिकाने शस्त्राचा आग्रह सोडला, आणि त्याच्या बदल्यात राज्याने त्याचे मत शिरोधार्य मानण्याचे वचन दिले. सौदा चांगला होता. परंतु सौद्याची एक बाजू पाळायची आणि दुसरी विसरायची, असे चालत नाही.

हे दोन हक्क एकमेकांसमोर ठेवले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या राजधानीत सापडते. वॉशिंग्टन शहरात सुमारे सात लाख लोक राहतात. देशाचा कर ते भरतात. अध्यक्षाच्या निवडणुकीत भाग घेण्याचा अधिकार त्यांना १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, पण देशाच्या कायदेमंडळात मत देणारा एकही प्रतिनिधी त्यांना नाही. सिनेटमध्ये कोणी नाही, आणि कनिष्ठ सभागृहात बसतो त्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. त्या शहराने १९७६ साली पिस्तुलावर कडक बंदी घातली होती. २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती उठविली. २०१७ साली अपील न्यायालयाने शस्त्र घेऊन रस्त्यावर वावरण्यावरील कडक अटही रद्द ठरविली.

मधल्या काळात, २००९ च्या फेब्रुवारीत, या शहराला कनिष्ठ सभागृहात एक मत देणारे विधेयक सिनेटने संमत केले. पण त्याला शेपूट जोडले होते, की शहराने आपले बंदुकीचे बहुतेक निर्बंध सोडावेत. म्हणजे मत हवे तर बंदूक घ्या! शहराच्या कैवाऱ्यांना ही किंमत जड वाटली, आणि विधेयक तिथेच अडकले. बंदूक मिळाली ती न्यायालयातून, मत आजही मिळालेले नाही. तेव्हा शस्त्र हातात असले म्हणजे सत्तेत वाटा मिळतो, हा समज किती पोकळ आहे ते पाहा.

आपल्या राजधानीकडे वळू. दिल्लीची पहिली विधानसभा १९५६ साली गेली. १९९१ च्या घटनादुरुस्तीने ती परत आली आणि १९९३ साली निवडणूक झाली. आज तिथे सत्तर आमदार आहेत. परंतु पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन ही खाती त्यांच्याकडे नाहीत.

पण दिल्लीला नावे ठेवण्यापूर्वी आपले अंगण झाडावे. राज्याची राजधानी मुंबई. तिच्या महापालिकेच्या २२७ जागा २०२२ च्या मार्चपासून रिकाम्या राहिल्या. त्याच महिन्यात ठाण्याच्या १३१ जागा रिकाम्या झाल्या. कल्याण-डोंबिवलीचे सभागृह तर २०२० च्या नोव्हेंबरातच ओस पडले होते. घटनेने महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे बजावले आहे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असेही म्हटले आहे. तरी ठाण्यात २१ फेब्रुवारी २०१७ नंतरचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ ला. २०१७ साली जो मुलगा सतरा वर्षांचा होता, त्याने महापालिकेसाठी पहिले मत दिले ते सव्विशीच्या घरात आल्यावर.

आता कोणी म्हणेल, विलंबाला कारण होते. होते, आणि ते क्षुल्लक नव्हते. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात होता, आणि तोही प्रतिनिधित्वाचाच प्रश्न होता. प्रभागरचनेचा घोळही होता. अखेर २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. परंतु घराच्या वाटणीचा वाद चालू आहे म्हणून घरातल्या सर्वांनाच वर्षानुवर्षे बाहेर ठेवावे, हा कुठला न्याय?

कोणी असेही म्हणेल की प्रशासक होते, नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता. मग बिघडले काय? याचे उत्तर कळव्याला इतरांनी सांगण्याची गरज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. नगरसेवक असते तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की रुग्णालय महापालिकेचे, आणि महापालिकेची महासभा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हती. चौकशीची समिती वरून नेमली गेली. पण आपण निवडलेला माणूस भर सभेत उभा राहून "हे का झाले?" असे विचारतो, आणि अधिकाऱ्याला तिथेच उत्तर द्यावे लागते, ते ठिकाण बंद होते. दुःख होतेच, त्याला वाचा फोडण्याची हक्काची जागा नव्हती.

अशा वेळी माणसाचे मन दुसऱ्या वाटेकडे वळते. २०२४ च्या फेब्रुवारीत शेजारच्या उल्हासनगरात, पोलीस ठाण्याच्या आत, गोळीबार झाला आणि त्या आरोपावरून एका विद्यमान आमदाराला अटक झाली, हे आपण सर्वांनी वाचले. लोकांनी ज्याला मत दिले, त्याचेच नाव गोळीशी जोडले जावे, याहून मोठी धोक्याची घंटा कोणती?

आमच्या स्नेह्यांची बंदूक निकालानंतर परत मिळाली. ती त्यांनी कपाटात ठेवली आहे, आणि ती तिथेच राहो. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्हांला सुचते. मताची पावती सरकार देत नसते. ती आपण स्वतः ठेवायची असते. सभागृह भरले आहे. आपल्या प्रभागाचा नगरसेवक महासभेत काय विचारतो, रुग्णालयाबद्दल काय बोलतो, याची टिपणे ठेवा. आणि पाच वर्षे पुरी होत आली की, कोणी कारणे शोधण्यापूर्वी, आपण तारीख विचारू लागा. ज्या नागरिकाने शस्त्र खाली ठेवले आहे, त्याने आवाजही खाली ठेवावा, असे त्या करारात कुठेही लिहिलेले नाही.