रसायनशास्त्र कोणत्या भाषेत कळते?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



दहावीपर्यंत मराठीतून शिकून उत्तम गुण मिळवलेली मुले विज्ञान शाखेत गेली की मागे पडतात. पदवीच्या पहिल्या वर्षी तर रसायनशास्त्राची धास्तीच घेतात. हा अनुभव आपल्यापैकी अनेक घरांचा आहे. 'मुलाचा वकूबच तेवढा' असे म्हणून आपण विषय मिटवतो. हा निष्कर्ष किती उथळ आहे, हे दाखवणारे संशोधन उपलब्ध आहे.

ग्लासगो विद्यापीठातील प्रा. अलेक्स जॉनस्टन यांनी 'रसायनशास्त्र अवघड का जाते' या प्रश्नाचा अनेक वर्षे शोध घेतला. त्यांच्या मते हा विषय एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतो. मीठ पाण्यात विरघळताना दिसते, ही पहिली पातळी. त्याचे आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, ही दुसरी. ती डोळ्यांना दिसत नाही. फळ्यावरचे सूत्र ही तिसरी. शिक्षक या तिन्हींत सहज वावरतो. विद्यार्थी मात्र सूत्रापाशीच थांबतो.

सूत्र येणे म्हणजे विषय कळणे नव्हे. नुरेनबर्न आणि पिकरिंग या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिले. वायूंच्या नियमांवरील गणिते बरोबर सोडवणारे कितीतरी विद्यार्थी एका साध्या चित्रापाशी अडखळले. पोलादी टाकीतील हायड्रोजन २० अंशांवरून उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तर त्याचे रेणू टाकीत कसे पसरलेले असतील? ते पूर्वीप्रमाणेच सर्वत्र विखुरलेले असतील, कारण त्या तापमानालाही हायड्रोजन वायूच असतो. गणित येत होते, वायू समजला नव्हता.

आता भाषेकडे वळू. मनुष्य एका वेळी मोजक्याच गोष्टी मनात धरून त्यांवर विचार करू शकतो. परक्या भाषेतील वाक्य उलगडण्यातच त्यातली काही जागा खर्ची पडली, तर विचाराला उरते किती? जॉनस्टन व सेलेपेंग यांच्या २००१ मधील अभ्यासानुसार दुसऱ्या भाषेतून विज्ञान शिकणाऱ्याची किमान २० टक्के विचारक्षमता अशी खर्च होते. म्हणजे आपला मुलगा बुद्धीने कमी नसतो. तो पाठीवर ओझे घेऊन शर्यतीत धावत असतो.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही शब्दांपाशी अडखळतात. 'व्होलाटाइल' म्हणजे स्फोटक किंवा ज्वलनशील, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज जॉनस्टन यांना आढळला. आपला 'बाष्पनशील' हा शब्द मात्र अर्थ स्वतःच सांगतो.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला; त्याचा पहिला खंड १९०२ मध्ये निघाला. त्यांचे विद्यार्थी सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८ मध्ये मातृभाषेतून विज्ञानप्रसार करण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. नागार्जुनाचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. पण केवळ अभिमानाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला रेणू दिसत नाही. वारशाचे सार्थक त्याला ते शास्त्र समजावून देण्यात आहे.

आपले इंग्रजीशी वैर नाही. परीक्षा आणि संशोधनपत्रिका यांसाठी ती आलीच पाहिजे. परंतु आकलन आधी, भाषांतर नंतर, हा क्रम आपण पाळू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय भाषांना उच्च शिक्षणातही स्थान देऊ केले आहे. धोरण कागदावरून वर्गात आणणे हे समाजाचे काम आहे.

म्हणून एवढेच आवाहन करतो. आपल्या अभ्यासिकांत निवृत्त प्राध्यापकांनी आठवड्यातून एक तास द्यावा. विद्यार्थ्याला सूत्र विचारण्याआधी रेणूंचे चित्र काढायला सांगावे आणि ते मराठीत समजावून घ्यावे. जिथे तो अडखळेल, तिथूनच शिकवायला प्रारंभ करावा. आणि घरी, गुणपत्रिका हाती आल्यावर, 'किती मिळाले' याआधी 'काय कळले' हे विचारावे.