वाजत राहिलेला टाळ
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कीर्तनाआधी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)





मला कीर्तन येत नाही आणि प्रवचनाचा माझा अधिकार नाही. मी २६ वर्षं एका कॅन्सरच्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. म्हणजे औषध देणारी मी नव्हे. रुग्णाला राहायला जागा आहे का, पैशाची सोय झाली का, घरी कोण आहे, हे बघायचं माझं काम. त्या कामात माझ्याकडून एक चूक झाली. ती आज तुमच्यापुढं सांगायची आहे, कारण ती सुधारली ती तुमच्यासारख्याच एका दिंडीनं.

माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि लाखाचा समाज एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असलं तर ती दिंडी गप्प होत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, काय झालं ते विचारतात, आणि मगच टाळ थांबतो.

दवाखान्यात असे कितीतरी टाळ वाजत असतात. ऐकायला जाणारा कुणीतरी लागतो. त्या दिवशी मी गेले नाही.

साठीच्या आतले एक शेतकरी होते. आपण त्यांना बाबाच म्हणू. तरुणपणी माळ घातली तेव्हा दारू सुटली, मटण सुटलं, पण तंबाखूची चंची काही सुटली नाही. गालाच्या आत चट्टा आला, त्याची गाठ झाली. ऑपरेशन चांगलं झालं. आता रेडिएशन म्हणजे शेक घ्यायचा होता, आठवड्याचे पाच दिवस, असे ३० शेक. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा लागतो, आणि सुरू झाल्यावर मध्ये खाडा चालत नाही. बाबांना तारीख दिली. पहिल्या दिवशी ते आले, साचा घेणाऱ्या खोलीत गेले, बाहेर आले आणि गावी निघून गेले. मी कागदावर लिहिलं, “रुग्णाने उपचार नाकारले.” आणि पुढचा कागद घेतला.

तीन आठवड्यांनी फाईल परत हातात आली म्हणून मी फोन केला. त्यांच्या मालकीणबाईंनी उचलला. म्हणाल्या, “ताई, त्यांना माळ काढायला सांगितली ओ. ऑपरेशनच्या वेळी शुद्ध नव्हती, तेव्हा काढली ती देवाला ठाऊक. आता रोज उठून माझ्याच हातानं काढू, तीही ३० वेळा? मग मी कोण उरलो, असं म्हणतात.”

बघा, डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. मानेला शेक देताना डोकं जराही हलू नये म्हणून प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर बसवतात आणि तिचा साचा करतात. मध्ये मणी आले तर साचा नीट बसत नाही. बाबांचंही चुकलं नव्हतं. माळ म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. चुकलं माझं. “का नाकारता?” हे दोन शब्द मी विचारले नाहीत.

मी बाबांना विचारलं, “तुमच्या दिंडीच्या विणेकऱ्यांना हे सांगितलं तर चालेल का?” बराच वेळ फोनवर काही आवाज नाही. मग म्हणाले, “सांगा.” हे मुद्दाम सांगते. रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याचा आजार गावात न्यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी विणेकरी एसटीनं आले. त्यांनी मशीन बघितलं, साच्याची जाळी हातात घेऊन बघितली, तंत्रज्ञ मुलाला चार प्रश्न विचारले. मग बाबांजवळ बसले आणि आपल्या हातानं त्यांची माळ गळ्यातून काढून उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. म्हणाले, “रोज काढायची नाही न् रोज घालायची नाही. औषध पुरं होईस्तोवर ती इथंच. मी बांधलीय, मीच परत गळ्यात घालीन.” डॉक्टरांनाही ते पटलं, कारण शेकानं मानेची कातडी सोलल्यासारखी होते, तिथं काही घासलेलं चालत नाहीच.

तीन आठवड्यांचा अडलेला उपचार एका माणसाच्या दोन वेढ्यांनी सुरू झाला.

मग एकेक उलगडत गेलं. तोंडात फोड आले, गिळवेना. त्यात एकादशी आली. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी उपास मोडा म्हणून सांगितलं नाही. दूध, राजगिऱ्याची पातळ गाळलेली खीर, केळं दुधात कालवून, असं बसवून दिलं. तोंडानं जाईना तेव्हा नाकातल्या नळीनं. नर्सनं मालकीणबाईंना नळी धुवायला शिकवलं. त्या बाई मात्र रोज रडायच्या. आम्हाला वाटलं, नवऱ्याच्या काळजीनं. समुपदेशक मुलीनं शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं, घरी म्हैस होती आणि ती शेजाऱ्यांच्या भरवशावर होती. दिंडीतल्या दोन घरांनी धारेची पाळी लावून घेतली आणि बाईंना झोप लागायला लागली.

माउली, कॅन्सरचा उपचार एका डॉक्टरचा नसतोच. ऑपरेशनवाले, औषधवाले, शेकवाले आणि गाठीचा तुकडा तपासणारे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात की आधी काय, मग काय. त्यांच्या मागं नर्स, आहारतज्ज्ञ, व्यायाम शिकवणारे, मनाचं ऐकणारे, दुखणं कमी करणारे, आणि कागद बघणारी माझ्यासारखी. आपल्या दिंडीसारखंच. वीणा एकाकडं, पण हंडा दुसरीकडं, तंबू तिसऱ्याकडं, भिशीचा हिशोब चौथ्याकडं. एकजण कमी पडला तरी मुक्काम बिघडतो. आणि दवाखान्याच्या या दिंडीत एक जागा नेहमी रिकामी असते, ती गावाची. ती आम्हाला भरता येत नाही. तुम्हाला येते.

गाडगेबाबांच्या नावानं मुंबईत दादरला धर्मशाळा आहे. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालेलं. तिथं येणारे कितीतरी रुग्ण आणि त्यांची माणसं या धर्मशाळेत उतरतात. औषध तिथं मिळत नाही, पण पाठ टेकायला जागा आणि खायला अन्न मिळतं, म्हणून औषध पुरं होतं. आपल्या पंढरपूरच्याच जिल्ह्यात बार्शीला कॅन्सरचं रुग्णालय आहे, आणि १९८७ पासून तिथं खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. तेव्हा हा शहराचा रोग, आपल्याकडं नाही, असं कुणी म्हणू नये.

शंभराव्या वर्षी दिंडीनं चार कामं वाटून घ्यावीत, अशी माझी विनंती आहे.

एकानं रुग्णाबरोबर जायचं. डॉक्टर सांगतात त्यातलं निम्मं घाबरलेल्या माणसाच्या कानात शिरत नाही. दुसऱ्यानं वहीत लिहून घ्यायचं.

एकानं कागद सांभाळायचे. रेशनकार्ड, आधार, सगळे रिपोर्ट एका पिशवीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याला भेटायचं, मग जमीन विकायचा विचार. उपचाराला जाताना रेल्वेत रुग्णाला आणि बरोबरच्या एका माणसाला सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्यायचा.

एकानं घर बघायचं. जनावरं, पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचं जेवण.

आणि एकानं ताप बघायचा. सलाईनमधून कॅन्सरचं औषध चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही. अंगारा लावा, पण गाडीत बसवून लावा. त्या दिवसांत अंगातली लढायची ताकद कमी झालेली असते, तो ताप जिवावर बेततो.

आणि काही गोष्टी करायच्या नाहीत. कॅन्सर शिवल्यानं होत नाही, तेव्हा रुग्णाला पंगतीत वेगळं बसवायचं नाही. मागच्या जन्माचं फळ म्हणायचं नाही. उपचार सोडून कुणाच्या झाडपाल्याकडं वळवायचं नाही.

बाबांचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. ३० शेक पुरे झाले. कातडी बरी झाल्यावर विणेकऱ्यांनी शब्द पाळला, माळ गळ्यात परत घातली. बाबांनी त्यानंतर तीन आषाढी वाऱ्या चालून केल्या, तंबाखूशिवाय. चौथ्या वर्षी रोग परत आला. या खेपेला बरं करणारं औषध नव्हतं, पण दुखणं कमी करणारं होतं. मॉर्फिनच्या गोळ्या म्हटलं की लोक भितात, नशा लागेल म्हणतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वेळच्या वेळी घेतल्या तर माणूस झोपतो, बोलतो, हरिपाठाला बसतो. बाबा बसले. दिंडीतली माणसं पाळीनं रात्री उशाशी होती. घरीच गेले.

ते तीन आठवडे वाया गेले नसते तर रोग परत आला नसता का? ते कुणालाच सांगता येणार नाही. पण माझ्या मनातून ते आठवडे गेलेले नाहीत. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत “उपचार नाकारले” हे मी कधी एकटं लिहिलं नाही. त्यापुढं “कारण” लिहिलं, आणि कारण कळेपर्यंत कागद पुढं सरकवला नाही.

तुमच्या गावात आज कुणाच्या तरी घरात असा टाळ वाजत असेल. बाहेरून तो चिडचिड वाटेल, हट्ट वाटेल, नुसतं गप्प बसणं वाटेल. चोपदारासारखं त्या दारात जा. सल्ला देऊ नका, आधी विचारा, “काय झालं, माउली?”

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!