मुरलेली की उकडलेली? जुनी शार्डोने चाखताना

आज कोलकात्यातून बोलतेय. विषय पांढऱ्या वाइनचा आहे: ओकच्या पिंपात राहिलेली आणि मग बाटलीत सात वर्षं काढलेली शार्डोने. समोर एकाच वाइनरीच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या आहेत. एक १३ अंशांवर वाइनच्या फ्रिजमध्ये होती, दुसरी इथल्याच एका घरी शोकेसमध्ये. वाइनरीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या बाटलीचं जे झालं त्यात तिचा दोष नाही.

रंग दोन्हींचा सोनेरी, दुसरीचा जरा चहाकडे झुकलेला. पण नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका.

पहिला ग्लास नाकाशी नेला की आधी येतं लोणी. हा वास ओकचा असं बरेच जण समजतात. तसं नाही. हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल जिवाणू बदलतात आणि दह्यातलं सौम्य लॅक्टिक आम्ल तयार होतं. त्या कामात डायअसेटिल निघतं, तेच ताज्या लोण्यातही असतं. ओकचं देणं वेगळं: व्हॅनिला, ओल्या नारळाची झाक, आणि पिंप आतून भाजलेलं असतं म्हणून टोस्टचा वास. मध आणि भाजलेला बदाम मात्र बाटलीतल्या वर्षांनी आणलाय. आणि घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना लिंबाच्या सालीसारखी धार लागते. ती महत्त्वाची. ती आहे म्हणून बाकी सगळं उभं आहे.

आता दुसरा. कापून ठेवलेलं सफरचंद, अक्रोड, आणि चक्क मेथी! ही माझी कल्पना नाही. मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन जुन्या, हवा लागलेल्या पांढऱ्या वाइनमध्येही तयार होतं. त्याची पुसट झाक मला आवडते. इथे मात्र तेवढंच उरलंय. लोणी नाही, लिंबू नाही, घोट सपाट, शेवट कडवट. लोणचं मुरतं कारण त्याला मीठ-तेलाचा पहारा असतो. शार्डोनेचा पहारेकरी मुख्यतः तिचा आंबटपणा, आणि कोलकात्याचे सात उन्हाळे त्याला झेपत नाहीत.

गंमत अशी की याच शहरात एकेकाळी उष्णतेने सुधारणारी वाइन भरपूर प्यायली गेली. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं वाटेत मदेरा बेटावरून पिंपं घ्यायची, उष्ण कटिबंधातून हलत-डुलत ती इथे पोचायची, आणि त्या प्रवासाने वाइन उलट चांगली झाली असं पिणाऱ्यांचं मत असे. पण मदेरात वरून स्पिरिट घातलेलं असतं आणि आंबटपणाही जबर असतो. शार्डोनेला तो नियम लावायचा नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, १९९० च्या दशकातल्या कितीतरी महागड्या बाटल्या वेळेआधीच म्हाताऱ्या निघाल्या. तिथे तर उन्हाळ्याचाही प्रश्न नव्हता.

आपल्याकडे अडचण वेलीपासूनच सुरू होते. महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. रात्री थंड असल्या तर आम्ल टिकतं, ऊन वाढलं की झपाट्याने उतरतं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीवाले शार्डोने पिकवतात, ओकमध्येही ठेवतात, आणि अशा वाइन प्यायला मला आवडतात. पण तीन-चार वर्षांत संपवाव्यात असं माझं मत. 'मुलीच्या लग्नाला उघडू' म्हणून शोकेसमध्ये ठेवलेली बाटली बहुधा मेथीच देईल. वाइनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. बर्फासारखी गार असली तर तिचा वासच येत नाही.

सोबत काय खायचं? इथलं उत्तर सोपं आहे: चिंगडी मलाई करी. नारळाचं दूध आणि कोळंबीचा गोडवा ओकला छान भेटतो. मोहरीतला इलिश मात्र नको. मोहरीचा झटका मध, बदाम सगळं पुसून टाकतो. आणि नोलेन गुडाचा संदेश समोर आला की ग्लास बाजूला ठेवा, गोडापुढे ही वाइन नुसती आंबट लागते.