सही खरी की खोटी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. क्रिकेटवर बोलण्याइतके ज्ञान मला नाही. पण खऱ्याखोट्याची पारख हा तर आपला रोजचाच उद्योग. तूप आपण वासावरून ओळखतो. मग सही का ओळखू नये?

आपल्या कांदिवलीतील जिमखान्याला मुंबई क्रिकेट असोसिएशनने २०१३ साली सचिन तेंडुलकरांचे नाव दिले. इथल्या मुलांना खेळाडूंच्या सह्यांचे वेड असणारच! हल्ली सहीची बॅट, सहीचा चेंडू मोबाइलवरून घरबसल्या मिळतो. माझ्या मुलाने वर्षभर खाऊचे पैसे साठवून असाच एक चेंडू पसंत केला. मी चष्मा लावून पाहिले, तो त्याच विक्रेत्याकडे आणखी पाच चेंडू, आणि साऱ्या सह्या तंतोतंत सारख्या! भगिनींनो, आपल्या हातच्या दोन पोळ्या कधी तंतोतंत सारख्या होतात का? विचारले, तर म्हणाला, "सर्टिफिकेट देतो." तेही त्याने स्वतःच छापलेले! दूध निर्भेळ असल्याचे दूधवाल्यानेच लिहून द्यावे, तशातली गत. आम्ही चेंडू घेतला नाही. मुलगा दोन दिवस रुसला. पण खोटी सही त्याने देवासारखी जपली असती, याचेच मला अधिक वाईट वाटले असते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. सराईत हाताची रेघ रांगोळीसारखी सरसर जाते; नक्कल करणाऱ्याची थबकते, कापते. भिंगातून बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई समजावी. नमुन्याचा नव्हे, आपल्याला मिळणाऱ्याच वस्तूचा जवळून काढलेला फोटो मागावा. प्रमाणपत्र तिऱ्हाईत संस्थेचे असावे, आणि त्यावरचा क्रमांक त्या संस्थेकडे आपण स्वतः पडताळावा; कारण प्रमाणपत्रेही खोटी निघतात. अमेरिकेत १९९९ साली तेथील केंद्रीय तपास खात्याने छापे घातले, तेव्हा खोट्या सह्यांचा मोठा धंदाच उघडकीस आला. त्यात मदर तेरेसांच्या खोट्या सहीचा बेसबॉलसुद्धा होता!

"बाहेरून पैसे पाठवा, स्वस्त देतो," असे कोणी म्हटले, तर तेथेच व्यवहार थांबवावा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. मालाबद्दल तक्रार असेल, तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

बाजारात भाजी निवडून घेणाऱ्या आपण, इथेही निवडूनच घेऊ या.