आराखडा कागदावर असतानाच

(बमरोली, सुरत येथे महाजन-कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



देवस्थानाच्या व्यासपीठावरून नगररचनेविषयी बोलावे, हे काहींना वावगे वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘महाजन’ या शब्दात केवळ पूजेचा मान नाही. सामाईक मालमत्तेची राखण, जमाखर्चाचा चोख हिशेब आणि सर्वांना विचारून निर्णय घेण्याची शिस्तही त्यात अभिप्रेत आहे. सभेची सूचना वेळेवर निघावी, विषय आधी कळावा, विरुद्ध मतही इतिवृत्तात नोंदले जावे, असा आपला आग्रह असतो. तीच शिस्त आपण राहतो त्या वस्तीच्या आराखड्यास लावावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सन 2006 मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द सुमारे 112 चौरस किलोमीटरवरून सुमारे 326 चौरस किलोमीटरवर गेली आणि बमरोली शहरात आली. रस्ते, पाणी, गटारे यांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. मात्र ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली. ग्रामसभेत कोणाही मतदारास उठून प्रश्न विचारता येतो. महानगरपालिकेत तशी मतदारांची सभा नाही. शिवाय आता येथील जमिनीचा विचार साऱ्या शहराच्या गरजेने होतो. सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा औद्योगिक वसाहतीस दररोज 4 कोटी लिटरपर्यंत पाणी पुरविण्याच्या क्षमतेचा प्रकल्प 2014 मध्ये बमरोलीतच सुरू झाला. प्रकल्प उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु शहराचे मोठे निर्णय एखाद्याच वस्तीच्या अंगणात येऊन उतरतात, तेव्हा त्या वस्तीने जागरूक असणे अगत्याचे ठरते.

गुजरातमध्ये ही रचना 1976 च्या नगररचना व शहरी विकास अधिनियमाप्रमाणे होते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्यानंतर एकेका भागाची नगररचना योजना तयार होते. तीत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने भूखंड आखले जातात. योजनेच्या एकूण क्षेत्रापैकी रस्त्यांसाठी 15 टक्के, उद्याने व मोकळ्या जागांसाठी 5 टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी 5 टक्के आणि विक्रीसाठी 15 टक्क्यांपर्यंत जमीन घेता येते. दुर्बल वर्गाच्या घरांसाठी सुमारे 10 टक्के जमीन राखून ठेवण्याचीही तरतूद आहे. शाळा कोठे, दवाखाना कोठे, रुंद रस्ता कोणाच्या दारावरून, हे सारे याच वेळी ठरते.

या कामी जमीनमालकांची सभा बोलावली जाते. भाड्याच्या खोलीत राहणारा माग-कामगार, खानदेशातून पोटासाठी आलेले कुटुंब यांना त्या सभेचे आमंत्रण नसते, कारण त्यांच्या नावे जमीन नाही. वस्तुतः शाळेची आणि दवाखान्याची गरज त्यांनाच अधिक! मात्र कायद्याने त्यांच्यासाठी दार अगदीच बंद केलेले नाही. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत, योजनेची झळ पोहोचणारी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते, आणि तिचा विचार करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. अट दोनच गोष्टींची: हरकत लेखी हवी आणि मुदतीत हवी. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार कितीही खरी असली, तरी ती कोणत्याही फाइलीत जात नाही.

लोकांनी वेळीच आवाज उठविल्यास काय घडते, याचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील प्रादेशिक आराखडा 2011 हा 2006 च्या ऑगस्टमध्ये अधिसूचित झाला. शेते, डोंगरउतार, वनराई यांवर बांधकामाचे रंग भरलेले नकाशे लोकांनी पाहिले, गावोगावी सभा झाल्या, गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि 2007 च्या प्रारंभी शासनाला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा मसुदा 2008 मध्ये पंचायतींपुढे मतासाठी ठेवण्यात आला. तथापि त्यातून सिद्ध झालेला आराखडाही 2012 मध्ये स्थगित झाला, हेही विसरता कामा नये. एकदा जागे होणे पुरत नाही. पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागतो, आणि ते काम एकट्या व्यक्तीपेक्षा दप्तर सांभाळणाऱ्या संस्थेकडून अधिक चांगले होते.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. आपल्या भागाचा कोणताही मसुदा प्रसिद्ध होताच त्याची प्रत मिळवून सभामंडपात लावावी. एक संध्याकाळ ठरवून जाणत्या मंडळींनी तो नकाशा मराठीत समजावून सांगावा. त्या सभेस मालकांइतक्याच अगत्याने भाडेकरूंना आणि विशेषतः स्त्रियांना बोलवावे. पाण्याची रांग आणि मुलांच्या शाळेची वाट त्यांना अधिक ठाऊक असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती लिहून द्याव्यात, दिनांकासह पोच घ्यावी आणि तिची प्रत दप्तरी जपावी.

आपल्या हरकतीप्रमाणेच सर्व होईल असे नाही. काही वेळा आपल्या अंगणातून रस्ता जाणे हेच सर्वांच्या हिताचे असेल, आणि तेथे महाजनांनी आधी पुढे होऊन जागा द्यावी. परंतु ते विचारून, समजून व्हावे. रस्ता आखला गेल्यावर, भिंत उभी राहिल्यावर केलेला शोक व्यर्थ होय. आराखडा कागदावर असतानाच त्यावर आपले अक्षर उमटावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.